तापीतल्या महासीरला कायद्याचं संरक्षण मिळवायचंय, मार्ग कोणता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी शिरपूर तालुक्यातला. तापीत आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेरमध्ये पूर्वी महासीर हा मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा बऱ्यापैकी मिळायचा, आता क्वचित. या पावसाळ्यात गावातल्या एका भोईकाकांच्या फेकजाळ्यात मादी आली. जाड ओठ, रुपयापेक्षा मोठे सोनेरी खवले, पोट गाभोळीने गच्च. काका म्हणाले, "मी सोडला तर पुढचा जाळंवाला धरीलच." त्यांचं म्हणणं खोटं नाही, म्हणून हा धागा.

हा मासा पुराच्या पाण्यात वर चढतो आणि गोटे-वाळूच्या तळावर, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. आपल्याकडे वर हतनूर, मधे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशाचे बॅरेज, खाली गुजरातेत उकाई. चढायची वाटच तुटली. उरलेला तळ वाळूउपसा खरवडून नेतो.

सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं गुन्हा आहे, हे ठाऊक आहे. पण विणीच्या काळात साध्या जाळ्यात येणाऱ्या मादीचं काय?

वाचून सापडलेले रस्ते असे. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३८ खाली नामशेष होऊ घातलेली प्रजाती केंद्र सरकार अधिसूचित करू शकतं. पण तापी-नर्मदेतला टॉर टॉर (आपल्या महासीरचं शास्त्रीय नाव) आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत 'अपुरी माहिती' या गटात आहे, मग पुरावा काय द्यायचा? दुसरा रस्ता कलम ३७, जैविक वारसा स्थळ, म्हणजे जैवविविधतेसाठी महत्त्वाची ठरावीक जागा जाहीर करून राखणं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशासाठी २०२१ मध्ये ते झालं. मला हाच बरा वाटतो, कारण सरसकट बंदी आली तर भोई कुटुंबांची चूल बंद होईल. मोजके डोह विणीपुरते राखले तरी पुष्कळ.

बुऱ्हाणपूरला हीच तापी वाहते. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महासीरला राज्यमासा केलं. आपला राज्यमासा २०२३ पासून पापलेट. नदीच्या माशाकडे कोण बघणार?

जाणकारांनी सांगावं: वारसा स्थळाचा प्रस्ताव गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने पाठवायचा की आधी ग्रामसभेचा ठराव हवा? डोह दोन गावांच्या शिवेवर असेल तर? लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवजातींची समितीने ठेवलेली नोंद) भोयांच्या तोंडी नोंदी पुरावा म्हणून चालतात का, की मत्स्यशास्त्राच्या प्राध्यापकांचं सर्वेक्षण लागतंच? कुणाकडे अशा ठरावाचा मसुदा असेल तर कृपया इथे टाका. पुढच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा आहे.