बाबांच्या तळपायाची जखम भरत नाहीये, कुठलं मलम लावावं?

भातखाचर: बाबा ६२ वर्षांचे, गाव संगमेश्वरजवळ. शुगर जुनी. उजव्या अंगठ्याखाली, चवड्यावर घट्टा होता, तो फुटून रुपयाएवढी जखम झालीय. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे, गोळ्यांचा कोर्स झाला, मलमं बदलून झाली. दुखत नाही म्हणतात आणि दिवसभर फिरतात. आता लावणी तोंडावर आलीय, पायाला पिशवी बांधून चिखलात उतरतो म्हणतात. मी मुंबईत असतो.

ड्रेसिंगरूम_सिस्टर: दादा, मलमाचं राहू द्या. बाबा त्याच पायावर चालतात, जखम त्यामुळे अडलीय. चवड्यावर प्रत्येक पावलाला भार येतो, नवी कातडी धरते आणि चिरडते. आणि दुखत नाही म्हणून धीर धरू नका, माझ्या पोटात त्यानेच गोळा येतो. आमच्याकडे एक काका ड्रेसिंगला चालत आले. चप्पल काढली तर बाभळीचा काटा तळातून आरपार, टोक रक्ताने माखलेलं. काकांना पत्ताच नाही. साखरेने नसा सुन्न होतात त्या अशा.

सर्जनला दाखवा. कडेची जाड, पांढरी कातडी ते कापून काढतील, सळई घालून ती हाडाला लागते का बघतील, एक्स-रे काढतील. पायाची नाडी लागते का ते आवर्जून विचारा, नसेल लागत तर डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी. रक्तपुरवठा चांगला असेल आणि पू नसेल, तर गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालता येतं. भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. काढता येणारा बूटही मिळतो, पण लोक घरात तो काढून ठेवतात, म्हणून मला प्लास्टरच बरं वाटतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या सुन्न पायांना असंच प्लास्टर घालायचे, तिथूनच ते मधुमेहाच्या जखमांकडे आलं.

आईची_लेक: आमच्या आईची जखम प्लास्टरनेच भरली. आता मागे पट्टा असलेली एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची चप्पल घालते, अंगठ्यात अडकवायची चप्पल बंद केली. रोज रात्री मी तिचे तळवे बॅटरी लावून बघते. आणि शेकायला गरम पाणी अजिबात नको, भाजलेलंही कळत नाही.

भातखाचर: ताई, प्लास्टर घातलं तर लावणीचं काय? ते ऐकायचे नाहीत.

ड्रेसिंगरूम_सिस्टर: यंदा माणसं लावा, दादा. मजुरीचे पैसे तुम्ही पाठवा आणि बाबांना बांधावर खुर्ची टाकून बसवा, पाय कोरडा ठेवून. पिशवीत घाम धरतो आणि चिखलाचं पाणी आत जातंच. कुणाला कुठे लावायचं ते त्यांनाच सांगू द्या, म्हणजे ऐकतील. ताप आला, वास सुटला, लाली वर चढायला लागली किंवा बोट काळं पडलं, तर प्लास्टर असो-नसो, त्याच दिवशी दवाखाना. रात्र काढू नका.