रोज तेच ते काम आणि डिमेन्शिया

नोकरीत डोक्याला जितका ताण तितकी म्हातारपणी जास्त विसराविसर, हे तुमचं म्हणणं मला उलटंच वाटतंय. नॉर्वेत ७० च्या पुढच्या साधारण ७००० लोकांवर अभ्यास झाला, २०२४ मध्ये छापून आला, तिशीपासून साठीपर्यंत त्यांनी काय कामं केली ते बघितलं, एकूण ३०५ प्रकारची कामं, आणि ज्यांचं काम सगळ्यात एकसुरी, म्हणजे टपाल वाटणं, साफसफाई वगैरे, त्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराचा धोका मास्तरकीसारखं डोकं लावायचं काम करणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के जास्त निघाला, आणि डिमेन्शियाच्या आधीच्या सौम्य पायरीचा, म्हणजे थोडं विसरायला होतं पण रोजचं चालतं अशा अवस्थेचा, तर ६६ टक्के. शिक्षणाचा फरक हिशोबात धरूनसुद्धा बरं का! अर्थात नोकरीमुळेच झालं असं यातून सिद्ध होत नाही.

आमचे बाबा ३० वर्षं सरकारी कचेरीत कागदांवर शिक्के मारत होते, याहून एकसुरी काय असणार. पण संध्याकाळी भिशीचा हिशोब आणि रात्री मेंढीकोट. आता ८१ चे आहेत, कुणाकडे किती हुकूम उरलेत ते अर्ध्या डावात सांगतात, चष्मा मात्र रोज आईलाच शोधावा लागतो.