इंधनटंचाईच्या दिवसांत शहरांनी गाड्या घरी ठेवाव्यात का?

शिवारकर, निफाड
जानेवारी 2024 च्या आरंभी, भारतीय न्याय संहितेतील अपघातविषयक तरतुदीला विरोध म्हणून ट्रक-टँकरचालकांनी संप केला आणि मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर निघणे थांबले. बातमी पसरताच शहरांतील पंपांवर रांगा लागल्या, आणि ज्यांच्या गाडीत आठवडाभराचे इंधन होते त्यांनीही टाकी काठोकाठ भरून घेतली. आमच्याकडे ते दिवस उन्हाळ कांद्याच्या लागणीचे होते. रोपे तयार, मजूर ठरलेले आणि रोटाव्हेटर मारायला डिझेल मिळेना. दर वेळी ट्रॅक्टर पंपापर्यंत नेणे परवडत नाही, म्हणून शेतकरी कॅन घेऊन जातो. टंचाईत सर्वांत आधी बंद होते ती कॅनमधली विक्रीच. अशा दिवसांत नोकरदारांनी बसने, लोकलने किंवा एका मोटारीत चौघांनी मिळून प्रवास करावा आणि प्रशासनाने पहिल्याच दिवशी तसे आवाहन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरदार, हडपसर
आपली अडचण खरी आहे, पण उपाय मला पटत नाही. माझी दुचाकी पेट्रोलवर चालते आणि आपला ट्रॅक्टर डिझेलवर. मी वाचवलेले पेट्रोल आपल्या कॅनमध्ये कसे येणार? शिवाय बस वेळेवर येत नाही म्हणूनच पुण्यात घरटी दुचाकी आली. ज्याचा पगार हजेरीवर अवलंबून आहे, त्याने कोणाच्या भरवशावर गाडी घरी ठेवायची?

टँकरमालक, मनमाड
पेट्रोल आणि डिझेल वेगळे असले, तरी ते पुष्कळदा एकाच टँकरच्या वेगवेगळ्या कप्प्यांतून पंपावर येते. फेऱ्या मोजक्याच होत असतील तर कोणत्या कप्प्यात काय भरायचे, हे पंपचालकाने नोंदवलेल्या मागणीवर ठरते, आणि रांग पेट्रोलची असेल तर तो पेट्रोलच अधिक मागवतो. श्रीलंकेत 2022 मध्ये टंचाई डॉलरची होती, आणि त्याच अपुऱ्या डॉलरमधून दोन्ही इंधने विकत घ्यायची होती. तेथे जुलैमध्ये क्यूआर संकेताचा इंधन पास आला आणि आठवड्याला मोटारीस 20 लिटर, दुचाकीस 4 लिटर अशी मर्यादा ठरली. म्हणून शहरातील बचतीचा शेतीशी संबंध नाही, हे म्हणणे टिकत नाही.

नोकरदार, हडपसर
कप्प्यांचा मुद्दा मला मान्य आहे. परंतु श्रीलंकेचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण तेथे सरकारने सक्तीची मर्यादा घातली, केवळ विनंती केली नाही. आपल्याकडे जून 2022 मध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, अनेक राज्यांत पंप कोरडे पडले. किरकोळ दर गोठलेले असल्याने खासगी कंपन्यांनी तोट्यातली विक्री आवरती घेतली होती, आणि घाऊक डिझेल बरेच महाग झाल्याने मोठे ग्राहकही साध्या पंपांवर येऊ लागले होते. अखेर 17 जूनला केंद्राने दुर्गम भागांतील पंपांसह सर्व किरकोळ विक्रेत्यांवर अखंड पुरवठ्याचे बंधन घातले. हा धोरणाचा दोष होता, आणि त्याचे प्रायश्चित्त रोज कामावर जाणाऱ्याने घ्यावे हे मला अन्यायाचे वाटते.

शिवारकर, निफाड
दोष कोणाचा हे ठरवायला आठवडे लागतात, आणि जूनमध्ये वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जेमतेम काही दिवस टिकतो. त्या दिवसांत साऱ्या गावाला एकाच वेळी डिझेल लागते. संपात टाकी भरायला धावणाऱ्या गर्दीवर कोणत्याही धोरणाची सक्ती नव्हती. आपल्याला बंधनच हवे असेल तर माझी हरकत नाही. हंगामात प्रत्येक ग्रामीण पंपावर डिझेलचा काही साठा शेतीसाठी राखून ठेवावा आणि सातबारा दाखवणाऱ्याला सुरक्षित धातूच्या कॅनमध्ये तो द्यावा, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी पेरणीपूर्वीच काढावा. पण तो आदेश निघेपर्यंत, ज्याला बस मिळू शकते त्याने दोन दिवस बसने जावे, ही विनंती मी मागे घेणार नाही.

नोकरदार, हडपसर
राखीव साठ्याच्या मागणीवर मी सही करीन. बसचे मात्र, आमच्या मार्गावर आधी फेऱ्या वाढवून दाखवाव्यात, मग बोलू.