नदीकाठच्या जुन्या आळीत घर: वाईकरांनो, अनुभव लिहा

आम्ही दोघं पुण्यात, पाचव्या मजल्यावर. दूध आणायलाही गाडी काढावी लागते. दोन वर्षांत मी निवृत्त होईन, आणि वाईत कृष्णेच्या काठी जुन्या आळीत घर घ्यावं असं डोक्यात आहे. अख्खा वाडा झेपणार नाही, एखादा हिस्सा किंवा चार खणांचं घर चालेल. घरचे म्हणतात, वेड लागलंय. जे राहतात, राहिलेत किंवा घ्यायला गेले आणि परत आले, त्या सगळ्यांनी लिहा. फोटोत दिसतं ते आम्ही पाहिलंय, न दिसणारं सांगा.

गणपती आळीची लेक
माझं माहेर गणपती आळीत. आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे, स्कूटर कधी शिकली नाही आणि तिचं काही अडलंही नाही. भाजी, किराणा, टेलर, दवाखाना, एसटी स्टँड, सगळं पायी. ह्या आळ्या वसल्याच मुळी नदीवर आंघोळीला आणि पाण्याला चालत जाणाऱ्यांसाठी. म्हणून कुठल्याही बोळात शिरलात तरी शेवटी पायऱ्या लागतात. संध्याकाळी ढोल्या गणपतीमागे बायका बसलेल्या असतात. पाहुण्यांना आई त्या मंदिराची मागची भिंत मुद्दाम दाखवते: माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ साली बांधलं तेव्हा हा विचार झाला होता. आताच्या सोसायट्यांना पावसाचं पाणी कुठे जाईल ते सुचत नाही!
न दिसणारं म्हणाल तर: शेवाळं. पावसाळ्यात घाटाच्या पायरीवर आई एकदा अशी घसरली की तीन महिने मनगट प्लास्टरमध्ये.

घर घेतलेला (चौदा महिन्यांनी)
वाडा आवडायला आम्हाला वीस मिनिटं लागली. दिंडी दरवाजा, चौक, परसात विहीर. सह्या मिळवायला चौदा महिने.
मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली तर सात नावं, त्यातले तीन वारलेले. त्यांच्या वारस नोंदी झालेल्याच नव्हत्या. वारस धरले तर माणसं सोळा. दोन बहिणींची नावं मुळात लागलीच नव्हती, "त्या दिल्या घरी गेल्या" म्हणून. कायदा तसं मानत नाही. वकिलांनी बजावलं: त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत झाल्याशिवाय, नाहीतर त्या स्वतः विकणारांत सामील झाल्याशिवाय इसाराचा एक रुपया द्यायचा नाही. एक पुतण्या अमेरिकेत. त्याने तिथून कुलमुखत्यारपत्र पाठवलं, पण परदेशात केलेला असा कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे कोणाला ठाऊकच नव्हतं. धावपळ करून अगदी शेवटच्या आठवड्यात भरला.
तुम्ही "हिस्सा" म्हणालात म्हणून खास सांगतो. वाटप न झालेल्या कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तर त्याला तिथे बाकीच्यांसोबत राहायला जाता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. वाटपाचा दावा लावून बसावं लागतं. आम्हाला आधी असाच एक हिस्सा अगदी स्वस्तात देऊ केला होता. तो स्वस्त का, हे ते कलम वाचल्यावर कळलं.
शिवाय बँकेने कर्ज नाकारलं. भिंती पांढऱ्या मातीच्या, त्यांच्या माणसाने आत पाऊल टाकलं आणि मान हलवली. पुण्यातला फ्लॅट विकूनच पैसे उभे केले. नंतर तुळईत वाळवी निघाली, तो खर्च वेगळा.
पस्तावलो का? नाही. पण बायकोला विचारू नका.

जोतं मोजा
वरच्या भावांनी कागदाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. आमचं घर घाटापासून दुसऱ्या ओळीत. वर धोम धरण आहे. पावसाळ्यात तिथून विसर्ग वाढला की पाणी गणपतीच्या देवळात शिरतं, आणि आम्ही ओट्यावर बसून पायऱ्या मोजतो. घर बघायला जाल तेव्हा रंग, कौलं नंतर. आधी जोतं, म्हणजे घराखालचा चौथरा, किती उंच ते पाहा, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा की पाणी कुठवर आलं होतं. बहुतेक जण भिंतीवर हात ठेवून दाखवतात. पूररेषेचा नकाशाही बघाच. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळीच्या आत असाल तर मोकळ्या जागेवर नवं घर बांधायचं स्वप्न सोडा.

त्रासलेला
शनिवार-रविवार. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे सगळे "जाता जाता गणपती". त्यांच्या गाड्या माझ्या दारात. शूटिंग असलं तर घरातून बाहेर पडायलाही थांबावं लागतं. पायी चालायला छान गाव, पण चालायला जागा उरली तर.

ब्राह्मणशाहीतली काकू
त्रासलेल्या दादांचं खरं आहे. पण थंडी सरताना कृष्णाबाईचा, म्हणजे नदीचाच, उत्सव लागतो तेव्हा या. सात घाट, आमची ब्राह्मणशाही त्यातलीच एक, प्रत्येकाचा उत्सव वेगळा, एकामागून एक. अफझलखान वाईला असताना शेंडे शास्त्र्यांनी महाराजांच्या यशासाठी नवस केला, तेव्हापासूनचं हे, असं आम्ही ऐकत आलो. तेव्हा तुमच्या दारातून वर्गणी न्यायला येतील, आणि वाढायलाही बोलावतील. नवीन बिऱ्हाड आहे म्हणून कोणी वगळत नाही. "आम्हाला शांतता हवी" म्हणणाऱ्यांनी मात्र गावाबाहेरची बंगल्यांची स्कीम बघावी.
आणि उन्हाळ्यात घर बघून हो म्हणू नका. आषाढात या, रात्री मुक्काम करा. कुठे गळतं, ओल कुठवर चढते, सगळं घर स्वतःच सांगेल.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कलम ४४ वाचून इसाराचा विषय थांबवला. तो "स्वस्त हिस्सा" बहुधा आम्हालाही दाखवलाय. काकू, आषाढात दोन रात्री येतोय. तुमच्या आळीत उतरायची सोय होईल का?

ब्राह्मणशाहीतली काकू
माडीवर होईल. बादली तुम्हीच हलवायची, एका कोपऱ्यात गळतं.