अनुभव धागा: भावना दुखावल्या, पुढे काय झालं?

राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) ने आपल्याला बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि १९(२) ने त्यावर वाजवी निर्बंध घालायची मुभा सरकारला दिली. निर्बंध कोणत्या कारणांसाठी, हे तिथे मोजून सांगितलं आहे: देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी आणि अशीच आणखी दोन-तीन. ‘भावना दुखावणं’ त्या यादीत नाही. तरी आपल्याकडचे बहुतेक वाद ह्याच दोन शब्दांपासून सुरू होतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. दुखावलं जाणं खरं असतं, त्याची टिंगल कोणी करू नये. पण मी दुखावले म्हणून समोरच्याचं तोंड बंद करायचा हक्क मला मिळत नाही. हे मत मी वर्षानुवर्षं मांडत आले आहे. आता ऐकायचं आहे ते तुमच्याबाबतीत प्रत्यक्ष काय घडलं ते. तुमच्या बोलण्याने कोणी दुखावलं असेल किंवा कोणाच्या बोलण्याने तुम्ही, दोन्ही लिहा. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणातल्या व्यक्तींची नावं नकोत, एवढंच पथ्य पाळा.

पुणे, हस्तलिखितांची अभ्यासक

५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेवर शंभराहून जास्त लोकांचा जमाव चालून आला. कारण होतं शिवाजी महाराजांवरचं एका अमेरिकन प्राध्यापकाचं इंग्रजी पुस्तक. त्यात ऋणनिर्देशात संस्थेचा उल्लेख होता. संस्थेचा त्या पुस्तकाशी संबंध एवढाच.

त्या पुस्तकातलं ते एक वाक्य मी वाचलं होतं. महाराजांच्या जन्माबद्दल कुजबुजीच्या पातळीवरची गोष्ट, कसलाही पुरावा नसताना, विद्वत्तेच्या थाटात छापलेली. मला संताप आला होता आणि आजही त्या वाक्याबद्दल माझं मत तेच आहे. पुण्यातल्या जाणत्या इतिहास अभ्यासकांनाही तसंच वाटलं. त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहून पुस्तक मागे घ्यायला सांगितलं आणि २००३ च्या नोव्हेंबरमध्येच प्रकाशकाने भारतातली विक्री थांबवली. म्हणजे जमाव आला तेव्हा पुस्तक दुकानात नव्हतंच.

हल्ल्यानंतर मदतीला बरेच पुणेकर गेले, त्यांत मीही होते. कपाटं आडवी पडली होती, पोथ्यांचे रुमाल सुटले होते, पानं एकमेकांत मिसळली होती. ज्यांनी पोथ्या हाताळल्या आहेत त्यांनाच कळेल की सुटं पान म्हणजे काय. त्यावर नाव नसतं. अक्षराचं वळण, कागद, ओळींची संख्या बघून ते कुठलं हे ठरवावं लागतं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या वास्तूत पन्नासएक वर्षं खपून तयार झाली, तिथे आम्ही जमिनीवर बसून पानं जुळवत होतो. शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ महाराजांचे निस्सीम भक्त. ते काम करताना मोठ्याने रडत होते आणि मधूनच त्या लेखकाला शिव्या देत होते. दोन्ही त्यांच्या मनापासूनच होतं.

सरकारने पुस्तकावर बंदी घातली. उच्च न्यायालयाने ती उठवली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. निकाल बरोबर आहे असं मी मानते. त्या वाक्याचं खंडन चार पानांत करता येतं, आणि झालंही आहे.

ठाणे, निवृत्त कर्मचारी

वरचा अनुभव वाचला. माझा जरा दुसऱ्या बाजूने.

१९८७ साली महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. हिंदू धर्मातल्या कोड्यांवरचं त्यांचं लिखाण, जे त्यांच्या हयातीत छापलं गेलं नव्हतं, ते त्यात आलं. राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टाने भावना दुखावल्या, ते वगळा, अशी ओरड सुरू झाली. ते वगळलं जाणार अशी चिन्हं दिसल्यावर आमच्या वस्त्या उठल्या. १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत जो मोर्चा निघाला त्यात मी आईबरोबर चाललो. आईला अक्षरओळख नव्हती. परिशिष्टात काय लिहिलंय ते तिला मी वाटेत सांगत होतो. ती म्हणाली, “बाबांनी लिहिलंय ना, मग ते खोडायचं नाही.” अखेर मजकूर राहिला आणि खाली तळटीप आली की सरकार ह्या मतांशी सहमत नाही. मला ती टीप मान्य आहे. असहमत व्हा, छापून असहमत व्हा.

आता दुसरी गोष्ट. पुढे नोकरीत असताना चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने आमच्या जातीवरून विनोद केला. सगळे हसले. मी उठून आक्षेप घेतला तर तो म्हणाला, “तुम्हीच तर म्हणता ना, भावना दुखावल्या म्हणून बोलणं बंद करू नये?” हा युक्तिवाद मला नंतरही अनेकदा ऐकवला गेला, म्हणून उत्तर इथे नीट लिहितो. परिशिष्ट वाचून ज्याला त्रास झाला त्याच्या श्रद्धेला प्रश्न विचारला गेला. त्याच्याबरोबर बसायचं की नाही, त्याच्या हातचं पाणी प्यायचं की नाही, हा प्रश्न कोणी काढला नाही. विनोदात नेमका तोच होता. मी लेखी तक्रार केली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लोकांसमक्ष केलेल्या जातीवाचक अपमानाला गुन्हा मानतो, मत म्हणून सोडून देत नाही. त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली आणि मी तिथे विषय संपवला.

पालघर, शिक्षिका

नोव्हेंबर २०१२ मध्ये आमच्या गावातल्या एका मुलीने बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. मी तेव्हा कॉलेजात होते, त्यांच्याच वयाची. त्या रात्री बाबांनी समोर बसवून माझं अकाउंट बंद करायला लावलं. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम (ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिणं गुन्हा ठरवणारं) रद्द केलं तेव्हा मी पुन्हा उघडलं. पण लिहिण्याआधी बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर येतो तो अजूनही. रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदवले जात होते, हे २०२१ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. बाबांची भीती अगदीच चुकीची नव्हती.

देहूजवळून, वारकरी घरातली

मी दुखावल्या गेलेल्यांपैकी आहे. तुकोबांवरच्या एका कादंबरीत त्यांच्या तरुणपणाबद्दल जे रंगवलं होतं त्याला अभंगांत कुठे आधार नाही, असं आमच्या फडावरच्या सगळ्यांना वाटलं. आमचे आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. बाहेरच्यांना हे खोटं वाटेल, पण ज्या घरात पहाटे काकडा होतो तिथे तुकोबा घरचेच असतात.

लेखकाने माफी मागितली, कादंबरी मागे घेतली. आजोबा म्हणाले, “झालं, आता विठ्ठल विठ्ठल म्हणा.” पण प्रकरण तिथे थांबलं नाही. २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद लेखकाला सोडावं लागलं, खटला चालत राहिला. आजोबांना ह्याचं फार वाईट वाटलं. तुकोबांना गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली होती, ही कथा त्यांनी आयुष्यभर कीर्तनात सांगितली. “लिहिलेलं बुडवायला लावणाऱ्यांच्या बाजूला आपण कधी उभं राहायचं नाही,” हे त्यांचं म्हणणं. फडावर ते सगळ्यांना पटलं नाही. काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले.

जर्मनी, म्युनिक

छोटासा अनुभव. दिवाळीत दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात थबकल्या, पांढऱ्याफटक पडल्या. इथे नाझी चिन्हांच्या वापरावर फौजदारी बंदी आहे, ज्यूंचा संहार झालाच नाही असं जाहीरपणे म्हणणंही गुन्हा आहे. आमचं धार्मिक चिन्ह त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे मला माहीत होतं. तसं मी त्यांना सांगू शकलो असतो. बायकोने त्यांना आत बोलावलं, फराळ दिला, देवघर दाखवलं. त्यांनी त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं, ते इथे लिहिणार नाही. त्या वर्षापासून स्वस्तिक आम्ही दाराच्या आतल्या बाजूला काढतो. कोणी सक्ती केली असती तर बाहेरच काढलं असतं.

लातूर, हौशी रंगकर्मी

आपल्या राज्यात नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. आम्ही घेतली. नाटक एका जत्रेतल्या पशुबळीवर होतं. मंडळाने एकही ओळ कापली नाही. तालुक्याच्या गावी प्रयोग होता, त्याच्या आदल्या दिवशी काही तरुण सभागृहाच्या व्यवस्थापकाला भेटून गेले. काय बोलले ते त्याने सांगितलं नाही. दुपारी फोन आला, “वायरिंगचं काम निघालंय.” मंजुरीचा कागद आमच्या हातात आणि सभागृहाला कुलूप. त्या तरुणांपैकी कोणीही नाटक पाहिलेलं नव्हतं. आमच्यातली जी मुलगी पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहणार होती तिला घरच्यांनी पुन्हा पाठवलं नाही. प्रयोग जाण्यापेक्षा हे जास्त लागलं. वकील मंडळींपैकी कोणी सांगेल का, अशा वेळी करायचं काय?

औरंगाबाद खंडपीठात वकिली

लातूरकरांसाठी. पहिलं म्हणजे ‘भावना दुखावल्या’ एवढ्याने गुन्हा होत नाही. भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम २९५अ (१९२७ सालचं, आता भारतीय न्याय संहितेत २९९) लागायला धर्माचा अपमान हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेला असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच स्पष्ट केलं. शिवाय कोर्टाला दखल घ्यायला सरकारची मंजुरी लागते. त्रास आहे तो तिथवर पोचेपर्यंतचा, कारण गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे.

दुसरं, आणि तुमच्या कामाचं: १९८९ च्या रंगराजन प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की विरोधी जमाव आवरता येत नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, अभिव्यक्तीचं संरक्षण करणं हे त्याचं कामच आहे. तेव्हा पुढच्या वेळी प्रयोगाच्या आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात बंदोबस्तासाठी लेखी अर्ज द्या, सोबत मंजुरीची प्रत जोडा आणि शिक्का मारलेली पोच घ्या. सभागृहाने रद्द केलं तर कारण लेखी मागा. ही दोन कागदपत्रं हातात असली तर रिट याचिकेला पाया मिळतो. तारीख ठरली की कळवा, अर्जाचा मसुदा मी करून देतो, फी नको.