भावाला ओसीडी (मंत्रचळ) निघालाय, त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही म्हणजे नक्की करायचं काय? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

भाऊ २३ वर्षांचा, आईबाबांबरोबर भांडुपला, मी लग्न होऊन मुलुंडला. त्याची नोकरी दादरला. दिवाळीनंतर ऑफिसात लेटमार्क लागायला लागले. गाडी आली की हा मागे सरकून भिंतीला पाठ लावून उभा, दोन-तीन गाड्या सोडणार मग चढणार. बाबा म्हणाले कामाचा कंटाळा, दुसरं काय. मग कळलं की दादरला उतरून ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन हा परत प्लॅटफॉर्मवर येतो, कशाला तर आपला धक्का लागून कुणी रुळावर पडलं नाही ना ते बघायला. एकदा नाही, तीन-तीनदा. दिवसभर एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपच्या चॅटमध्ये कुठे अपघात झाला का ते शोधायचं आणि रात्री मला फोन, "ताई, मी कुणाला ढकललं तर नसेन ना?" मी आपली म्हणायचे नाही रे राजा. पाच मिनिटांनी पुन्हा, "पण तुला कसं माहीत, तू कुठे होतीस तिथे?" आता याला काय बोलणार! माझ्या लेकीला कडेवर घेणंही बंद केलं होतं त्याने, मला वाटलं मामाला शिंगं फुटली. तर तिला आपण गॅलरीतून टाकू ही भीती.

मला ओसीडी म्हणजे हात धुणं एवढंच माहीत. आमची एक चुलत आजी नळसुद्धा धुवून मग पाणी भरायची, तिला मंत्रचळी म्हणायचे सगळे. हे असलंही त्यातच येतं हे डोक्यातच नाही आलं. फॅमिली डॉक्टरने झोपेची गोळी दिली, आईने नारळ उतरवून टाकला, सहा महिने असेच गेले.

शेवटी केईएमच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. मॅडमनी एकच विचारलं, हा विचार आला की बरं वाटतं की घाम फुटतो? तो रडायलाच लागला. असे भलते विचार बहुतेकांच्या डोक्यात येऊन जातात म्हणाल्या, आपण सोडून देतो, यांना ते चिकटतात, आणि ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त किळस तीच नेमकी डोक्यात येते. दहा प्रश्नांची एक टेस्ट असते त्यात ४० पैकी २७ आले म्हणजे तीव्र. सर्ट्रालिन ५० ची गोळी चालू आहे, हळूहळू वाढवणार, आणि फरक कळायला दहा-बारा आठवडे जातील. तिसरा आठवडा चालू आहे. ईआरपी थेरपी पण सांगितलीये, म्हणजे भीती वाटते ते करायचं पण नंतर तपासायला जायचं नाही.

आणि मला म्हणाल्या, तुम्ही "नाही रे" म्हणता ना, ते बंद करा, तुमचं उत्तर म्हणजे त्याचं हात धुणंच आहे. पटलं हो. पण रात्री साडेअकराला तो रडत विचारतोय आणि मी गप्प बसू? कसं केलंत तुम्ही लोकांनी? मराठीत ईआरपी करणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.

गिरणगावकर: विपश्यनेला पाठवा, दहा दिवसांत मन शांत.

सुमन_ठाणे: गिरणगावकर, दहा दिवस गप्प बसून त्याच विचारांसोबत? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको हं. ताई, माझ्या नवऱ्याला धुण्याचा ओसीडी होता. एकदम तोडू नका, तो शांत असताना दुपारी बसून त्याच्याशीच ठरवा. आमचं वाक्य ठरलेलं, "हे तू नाही, मंत्रचळ विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते." आधी दिवसाला दोनच उत्तरं, मग एक, मग शून्य. पहिले काही दिवस तो जास्त चिडेल, तेव्हा तुम्ही डगमगलात की संपलं. थेरपीसाठी ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत चौकशी करा, मुलुंडहून जवळ पडेल.

कंपाउंडरकाका: वय २३ म्हणून सांगतो, गोळी सुरू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर पहिले काही आठवडे लक्ष ठेवा. अस्वस्थपणा वाढला किंवा मरणाबिरणाचं बोलला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. बरं वाटलं म्हणून मनाने बंद तर अजिबात नाही. अडीअडचणीला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. सुमनताई, रविवारी बसून वाक्य ठरवलं. काल पहिल्यांदाच उत्तर दिलं नाही. सात फोन आले, सातही वेळा तेच वाक्य, शेवटच्याला तर माझाच आवाज फुटत होता. आठवा आलाच नाही. मग मलाच धसका, आईला फोन केला तर म्हणे झोपलाय केव्हाचा. फक्त आता एक सांगा, आईला हे कसं समजवायचं? मी नाही म्हटलं की तो तिच्याकडे जातो आणि ती डोक्यावरून हात फिरवत "नाही रे बाळा" म्हणून मोकळी होते.