छाटलेल्या झाडांची पालवी वेगवेगळ्या रंगांची का येते?

प्रश्न (सातारा)
आमच्या अंगणातील कलमी आंबा विजेच्या तारांना लागत असल्यामुळे फाल्गुनात छातीइतक्या उंचीवर तोडावा लागला. आता वरच्या कापाजवळ तांबूस-जांभळे फुटवे आले आहेत, तर अगदी बुंध्याशी आलेले दोन फुटवे फिकट पोपटी आहेत. त्याच वेळी छाटलेल्या कागदी लिंबाची कोवळी पाने पिवळी असून शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. माती एक, पाणी एक, मग हा फरक कशामुळे? औषध फवारावे का?

उत्तर (वाई)
मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. आंब्याच्या तांबूस पालवीला औषधाची मुळीच गरज नाही. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते आणि पेशींमध्ये अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य साठलेले असते. ते प्रखर उन्हापासून नाजूक पेशींचे रक्षण करते, असे मानले जाते. शिवाय कोवळे पान मऊ असल्यामुळे किडींना सहज खाता येते. म्हणून अनेक झाडे पान निबर होईपर्यंत त्यात हरितद्रव्याची गुंतवणूकच टाळतात. पिंपळ, जांभूळ आणि विशेषतः कोशिंब यांची लाल पालवी याच प्रकारची. करंजासारखी झाडे मात्र पोपटी पालवीवरच भागवतात. उन्हातील फुटवा सावलीतल्यापेक्षा अधिक लाल दिसतो, हेही पाहून घ्यावे. छाटलेल्या झाडाची मुळे पूर्वीइतकीच आणि पाने मात्र मोजकी, त्यामुळे फुटवे जोमदार व पाने मोठी येतात. रंग डोळ्यांत भरण्याचे तेही एक कारण आहे.

उत्तर (तासगाव)
लिंबाबद्दल सरांनी काही लिहिले नाही, म्हणून लिहितो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही सर्वांत कोवळ्या पानांवर, ही बहुधा लोहाची कमतरता असते. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज सरकत नाही, म्हणून नवी पालवी आधी पिवळी पडते. नत्र कमी पडले तर याच्या उलट खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत खरड छाटणीनंतर (फळे उतरल्यावरची द्राक्षाची मोठी छाटणी) द्राक्षाच्या फुटींवरही हेच दिसते. जमिनीत लोह असते, परंतु चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. पाणी साचत असेल तर आधी त्याचा निचरा करावा. त्यानंतर हिराकसाची (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) सौम्य फवारणी किंवा चिलेटेड लोह (चुन्यात अडकू नये म्हणून संयुगात बांधलेले लोह) द्यावे. जमिनीत नुसती हिराकस टाकून चुनखडीत फारसा उपयोग होत नाही. तो खर्च मी दोन वर्षे करून बसलो आहे.

आंब्याचे मला वेगळेच वाटते. ते दोन पोपटी फुटवे कलमाच्या जोडाच्या वरून आले आहेत की खालून?

प्रश्नकर्ती
आज माती थोडी बाजूला करून पाहिले. बुंध्यावर वीतभर उंचीवर जोडाची गाठ स्पष्ट दिसते आणि दोन्ही पोपटी फुटवे तिच्या खालून निघाले आहेत.

उत्तर (तासगाव)
मग ते खुंटाचे, म्हणजे ज्या गावठी आंब्याच्या रोपावर कलम बांधले त्याचे फुटवे आहेत. पालवीची छटा जातीनुसार बदलते, म्हणून एकाच बुंध्यावर दोन रंग दिसले. ते ठेवले तर कलमाचा जोर तेच खातील. कोवळे आहेत तोवर मुळाशी धरून खाली ओढून काढावेत. वरून कापले तर तिथूनच पुन्हा चार फुटतात. वरचे तांबूस फुटवे विरळ करून चारही दिशांना एकेक जोमदार फुटवा राखावा.